चौघांचा खांदा



कफर्णहूमातल्या पक्षाघाती माणसाची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तेव्हा चौघांनी छप्पर उसकून त्याला बाजेसकट प्रभूसमोर खाली सोडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे संत मार्क सांगतो. त्या आजाऱ्याने स्वतः काही मागितल्याचा उल्लेख मात्र नाही. आपल्याकडे चौघांचा खांदा मिळतो तो बहुधा मरणानंतर. यांनी तो जिवंतपणी दिला.

आपल्या मिठबावातले पुरुषही सहसा मागत नाहीत. रात्री चारदा उठावे लागते, लघवीची धार बारीक झाली आहे, कधी रक्त दिसते. पण 'वय झाला, आता असा होतलाच' म्हणून गप्प बसतो. जागेचेच नाव घ्यायला लाज. संत थॉमस अक्वायनस लाजेला भीतीचाच एक प्रकार मानतो: वाईट कृत्यामुळे होणाऱ्या निंदेची भीती. आजार हे तर कृत्यच नव्हे. मग लाजायचे कशाला? (आम्हा धर्मगुरूंना तर डॉक्टरकडे ढकलणारी बायकोही नसते!)

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली, मूत्रनलिकेभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती वाढते, आणि बहुतेकांची ती वाढ साधी असते, कर्करोग नसतो. पण कर्करोग सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. पुढे तो हाडांत पोचला, की कंबर व पाठ दुखू लागते आणि आपण तेल चोळत बसतो. म्हणून पन्नाशीनंतर, आणि बाप किंवा भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीतच, पीएसए ही रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नाही; ते बायॉप्सीने ठरते. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात, की डॉक्टर नुसती नजर ठेवतात. पसरलेल्या आजारालाही हार्मोन रोखून आवर घालता येतो. डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी हे 1941 साली दाखवले, आणि 1966 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच 1941 साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले. गोव्याच्या मातीतले कॅथलिक शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी तिथे कर्करुग्णांसाठी आयुष्य वेचले. रुग्णालयाजवळचा रस्ता आज त्यांच्या नावाने आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार येतात. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण सोबत जाणाऱ्याचे काय? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण व नातेवाईक अल्प दरात राहतात, तरी तिथे जागा मिळेलच असे नाही. कणकवलीहून गाडीचे भाडे, महिनाभराचे जेवण, बुडालेली मजुरी, मासेमारीचा गेलेला हंगाम: घर कर्जात जाते ते इथे, ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे.

म्हणून आपली मदत या खर्चाला लागावी, असे आम्हांला वाटते. ज्यांची मुले मुंबईत आहेत, त्यांनी रुग्णाला चार दिवस घरी उतरू द्यावे, किंवा पहाटे परळच्या रांगेत त्याच्यासोबत उभे राहावे. ज्यांना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि योजनेचे कागद जमवता येत नाहीत, त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. आजार कोणता, हे चारचौघांत सांगण्याची गरज नाही. आणि माउल्यांनो, घरातला माणूस येत नसेल, तर तुम्ही या.