सुटा भाग कोणाचा?

मामा : पूर्वी मोबाइलच्या पाठीत नख घातलं की बॅटरी हातात यायची. आता म्हणे आधी फोन शेकायचा, मग गोंद सुटणार!

भाची : त्या गोंदामुळेच पाणी आत जात नाही. आणि लिथियमची बॅटरी उचकटताना टोचली गेली तर पेट घेते, मामा.

मामा : मग सहज निघेल अशी बसवा. युरोपने फेब्रुवारी 2027 ची मुदत घातलीय ना?

भाची : त्यालाही अपवाद आहेत. आज फोन उघडशील, उद्या मायक्रोवेव्ह उघडायला बसशील. प्लग काढला तरी त्यातला कपॅसिटर जीव घेऊ शकतो.

मामा : तिथे मी हात जोडतो. पण आयफोनमध्ये दुसऱ्या आयफोनची अस्सल बॅटरी बसवली, तरी तो ती अनोळखी ठरवायचा, तिची तब्येत दाखवायचा नाही. त्यात कसला धोका होता? अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने 2024 साली भाग फोनशी असे बांधून टाकण्यावर बंदी घातली, ते उगाच नाही.

भाची : चोरीचा धोका. चोरलेला फोन आख्खा विकता येत नाही, म्हणून तो सुटा करून विकतात.

मामा : फोनचा आयएमईआय क्रमांक अडवता येतो की, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर.

भाची : आयएमईआय स्क्रीनला नसतो, बॅटरीला नसतो.

(इथे मामा निरुत्तर व्हायला हवा होता. पण रेडिओ उघडत वाढलेली माणसं इतक्यात हटत नाहीत.)

मामा : आयफोनच्याच कंपनीने 2024 मध्ये वापरलेले अस्सल भाग चालवून घेतले, आणि मालकाने कुलूपबंद केलेल्या फोनचे नाकारले. म्हणजे चोर आणि मालक वेगळे ओळखता येतात. आधी का नाही ओळखले?

भाची : आताही ओळखतं कोण? कंपनीचाच सर्व्हर. तो उद्या बंद केला तर? पैसे तू मोजलेस, पण तुझ्या फोनमध्ये काय बसवायचं हे तिला विचारायचं.

मामा : अगं, तू माझ्या बाजूने बोलतेयस!

भाची : नाही. कुलूप काढलं तर चोराचं फावतं, ठेवलं तर कंपनीचं. मला दोन्ही नकोत.

मामा : मग भागांची नोंद सरकारकडे ठेवू.

भाची : आरटीओसारखी? स्क्रीन बदलायला अर्ज करशील?

मामा : मी करीन. तपकीर गल्लीतला दुरुस्तीवाला पोरगा नाही करणार. समोर गिऱ्हाईक ताटकळत असतं त्याच्या.

भाची : आणि तुझा फोन दुरुस्त करणार तोच.

मामा : तोच.