शवच्छेदन आणि अंतःकरण

वैद्यकशास्त्र शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींस पहिल्याच वर्षी एका कठीण कसोटीस उतरावे लागते. शरीररचनाशास्त्राच्या दालनात मनुष्याचा मृत देह त्यांच्यासमोर ठेवलेला असतो, आणि पुढील कित्येक महिने तो थराथराने उकलून पाहावयाचा असतो. उज्जैनात २००१ पासून आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे हा विषय आम्हां माधवनगरवासीयांस दूरचा राहिलेला नाही. तरी घरात त्याविषयी मौनच असते. मुले सांगत नाहीत, वडीलधारी विचारीत नाहीत. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या मुलांच्या मनाची स्थिती पाहू. फॉर्मॅलिनच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी येते. कोणाची अन्नावरील वासना उडते, कोणास झोप लागत नाही, क्वचित कोणास भोवळ येते. पाठ उकलताना न कापणारी बोटे मृताच्या हातापाशी किंवा चेहऱ्यापाशी येऊन थबकतात; कारण तेथे केवळ शरीर न राहता माणूस दिसू लागतो. कोणी हा ताण थट्टेवारी नेतात. बहुतेकांची अस्वस्थता काही आठवड्यांत ओसरते, थोड्यांची दीर्घकाळ राहते. खरा प्रश्न येथेच उत्पन्न होतो. जे ओसरते ते काय? केवळ भय, की त्यासोबत दयाही?

भय व किळस गेलीच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. ज्याचा हात थरथरतो तो शस्त्रवैद्य रोग्याचे हित कसे साधणार? सुश्रुताचार्यांनीही प्रत्यक्ष दर्शन आणि शास्त्र या दोहोंच्या मेळाने ज्ञान वाढते असे सांगितले. मृत देह गवतात वेष्टून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा. मग वाळा, केस वा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतील सर्व अवयव पाहावे, असा त्यांचा विधी आहे. पुढे ही परंपरा लोपली. १८३६ साली कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवच्छेदन केले, आणि १८४५ मध्ये मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. शवाचा स्पर्श झाला तरी स्नान करावे लागणाऱ्या समाजातील त्या तरुणांस हे पाऊल उचलताना मनाशी केवढा झगडा करावा लागला असेल, याची कल्पना करावी.

परंतु भयासोबत दयाही गेली, तर तो वैद्य नव्हे, कारागीर होय. १९६३ साली अमेरिकेत हॅरॉल्ड लीफ व रेने फॉक्स या अभ्यासकांनी वैद्याच्या ठायी तटस्थता आणि आस्था यांचा मेळ हवा, असे प्रतिपादन केले. आपणांस हा विचार अपरिचित नाही. अनासक्ती म्हणजे निष्ठुरता नव्हे; चित्त स्थिर ठेवून कर्तव्य करणे म्हणजे अनासक्ती. ज्या नगरीचा देव अंगास भस्म लावतो, त्या नगरीस मृत्यूकडे न डगमगता आणि तरीही हात जोडून पाहावयाचे निराळे शिकवावे लागू नये.

मात्र हा सारा भार त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. दालनातील तो देह कोणाचा असतो? मुंबई राज्याने १९४९ साली केलेल्या कायद्याने बेवारस मृतांचे देह शिक्षणासाठी देण्याची व्यवस्था झाली. बेवारस म्हणजे बहुधा गरीब, निराधार, वाटेवर मरण पावलेला. ज्याला जिवंतपणी वैद्य मिळाला नाही, त्यानेच मरणोत्तर आमच्या मुलांस वैद्य करावे, ही गोष्ट मनास लागली पाहिजे. ज्याची संमती कोणी विचारली नाही त्याच्यापुढे विद्यार्थ्याचे मन अवघडते, त्यात दुबळेपणा नाही. ती न्यायबुद्धीची खूण आहे.

देह स्वेच्छेने दिलेला असेल तर हे नाते पालटते. हिंगोलीकडील कडोळीचे सुपुत्र व चित्रकूटास सेवाकार्य उभारणारे नानाजी देशमुख २०१० साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला. थायलंडात अशा मृतास विद्यार्थी 'थोर आचार्य' म्हणतात. तैवानातील त्झु ची विद्यापीठात विद्यार्थी आधी दात्याच्या कुटुंबीयांस भेटतात, आणि अभ्यास संपल्यावर त्याचा अंत्यविधी सन्मानाने करतात. आपल्या देशातही २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात मृतदेहाविषयी आदर बाळगणे हा शिक्षणाचाच भाग ठरविला आहे.

यावर कोणी म्हणतील, अग्निसंस्काराचे काय? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तथापि ज्याचा देह हाती लागला नाही, त्याच्यासाठी शास्त्रकारांनी पालाशविधी सांगितला आहे. सिद्धवटावरील पिंडदानासही देह समोर असावा लागत नाही. असुरांच्या नाशार्थ अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींस सद्गती मिळाली नाही, असे कोण म्हणेल? देहदान प्रत्येकाने करावेच असा आमचा आग्रह नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. आग्रह एवढाच की, आपले मूल त्या दालनातून घरी आले, जेवणाचे ताट बाजूस सारून बसले, तर त्यास भित्रे म्हणू नये. त्यास जवळ बसवून विचारावे. त्या अनाम गुरूच्या नावे सर्वपित्री अमावास्येस शिप्रेत एक ओंजळ पाणी सोडावयास सांगावे. अशा घरांतून निघालेल्या वैद्यांचे हात स्थिर राहोत आणि अंतःकरण ओले राहो, हीच श्रीमहाकालेश्वराच्या चरणी प्रार्थना.