पळत कोण होते?

‘रीचिंग द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही, कारण ‘स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’ हे मराठी अगदी चोख आहे. पोहोचले कोण, ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी वाक्यात मात्र गाडीच स्टेशनवर पोहोचली आणि पोहोचण्याआधीच सुटलीही, असा चमत्कार घडतो. वाक्याच्या तोंडी ठेवलेल्या या ‘इंग’वाल्या पदसमूहाला स्वतःचा कर्ता नसतो, स्वल्पविरामानंतर जो कर्ता पहिला भेटेल, त्याच्याच गळ्यात तो पडतो.

ही शिस्त साहेबाचीच असे मात्र नाही. ‘गत्वा’, ‘कृत्वा’ यांतल्या ‘क्त्वा’ प्रत्ययाला पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात हीच अट घातली आहे: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. मराठीतले ‘जाऊन’, ‘करून’ हे त्याच कुळातले, महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘ऊण’मधून आलेले. पण वाटेत अट ढिली झाली. ‘पाऊस पडून रस्ता खचला’ यात पडतो पाऊस आणि खचतो रस्ता. ‘औषध घेऊनही ताप उतरला नाही’ यात तर औषध घेणारा वाक्यात कुठेच नाही. मराठीत हे दोष नव्हेत. इंग्रजी लिहिताना तीच सवलत गृहीत धरली जाते, तिथे घोटाळा होतो.

इन्फिनिटिव्हच्या, म्हणजे ‘टु’ लावलेल्या क्रियापदाच्या, बाबतीत उलटे घडते. तिथे इंग्रजी सैल आहे. ‘आय वाँट हिम टु कम’ यात इच्छा एकाची, येणे दुसऱ्याचे. मराठीला यासाठी ‘त्याने यावे असे मला वाटते’ अशी वेगळी घडी घालावी लागते, आणि त्याच घडीतून ‘आय वाँट दॅट ही शुड कम’ हे कचेऱ्यांतले सुपरिचित इंग्रजी जन्मते.

शाळा यात फारशी मदत करत नाही. ‘रिमूव्ह टू’ किंवा ‘हॅविंग’ने सुरुवात करा, या प्रश्नांवर पिढ्या गुण मिळवत आल्या. पण ‘ही फिनिश्ड हिज वर्क. ही वेंट होम.’ अशी दिलेली दोन्ही वाक्ये बहुधा एकाच कर्त्याची असतात. मग कर्ता बदलला की काय होते, हे विद्यार्थ्याला कळणार कसे? रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने फाटकाशी उभ्या राहिलेल्या विंचवाचे मजेदार उदाहरण देऊन सावध केले होते. (यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले, ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्यांचीच.) पण परीक्षेत गुण ‘हॅविंग’ला मिळतात, विंचवाला नाही.

त्याउलट ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा दंडक अनेकांना तोंडपाठ असतो. इंग्रजीच्या शुद्धाशुद्धतेवर लिहिणाऱ्या हेन्री आल्फर्ड यांनी 1864 मध्ये अशा रचनेला नाक मुरडले. कोशकार फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरील 1926 च्या कोशात या सोवळ्याची मनसोक्त थट्टा केली. तरीही सोवळे टिकले, कारण ते तपासायला डोळे पुरतात. कर्ता तपासायचा तर वाक्य समजून घ्यावे लागते.

अर्थात कर्ता न जुळणारा प्रत्येक लोंबकळता पदसमूह गुन्हा नव्हे. ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ यांना कर्ता कोणी विचारत नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले भूत बागेतल्या झोपेत साप डसल्याची हकिगत सांगते, ती काटेकोर व्याकरणाने वाचली तर झोपलेला सापच ठरतो. एकाही प्रेक्षकाचा तसा समज होत नाही. संदर्भ वाक्याला सांभाळून घेतो.

पोलीस जबाबाच्या भाषांतरात तो सांभाळेलच असे नाही. ‘रनिंग आउट ऑफ द शॉप, द पोलिसमन सॉ द थीफ’ असे लिहिले, तर दुकानातून पळत बाहेर आला तो पोलीस. भाषांतरकाराच्या मनात चोर असेल, तर त्याने ‘द पोलिसमन सॉ द थीफ रनिंग आउट ऑफ द शॉप’ असे लिहायला हवे. शब्द तेच, एकही वाढवावा लागत नाही.