पिठाचा कोंबडा आणि वीस बाजूंचा फासा

खेळात मारलं तर हिंसा होते का? हा प्रश्न आपल्याकडं नवा नाही. यशोधर राजाची कथा आपण सगळ्याजणी ऐकत आलोय. जन्न कवीनं १२०९ साली ती कन्नडात लिहिली. राजानं आईच्या आग्रहापोटी जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी दोघांना पशूंच्या जन्मांतून फिरावं लागलं. पिठाला जीव नव्हता. संकल्प मात्र खरा होता.

आमच्या बेळगावच्या घरात नात दर रविवारी मैत्रिणींना जमवून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला हा खेळ. प्रत्येकीचं एक पात्र असतं, आणि एकजण मास्टर. ती प्रसंग सांगते, बाकीच्या "मी असं करते" म्हणतात, वीस बाजूंचा फासा पडतो, आणि परिणाम मास्टर सांगते. आमच्याकडं मास्टर नातच. सूनबाई म्हणाली, "आई, ही मारामारी बंद करायला सांगा की तिला."

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपण कृत, कारित, अनुमोदित असे तीन भेद मानतो. तलवार चालवणारी, प्रसंग उभा करणारी, टाळ्या पिटणारी, तिघीही त्यात येतात. शिवाय या खेळात राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळतात!

पण मी शेजारी बसून ऐकलं. मुलींनी पुलावरचा दरोडेखोर मारला आणि त्याची झोळी उघडली. नात म्हणाली, "आत लहान मुलाचे बूट आहेत." सगळ्या गप्प. "मारू नका" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर निवड तिची झाली असती, मुलींची नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दुसऱ्या दरोडेखोराला बांधलं आणि विचारपूस केली. नातीनं त्यालाही तेवढेच गुण दिले. मास्टरला तो अधिकार असतो.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो. कल्पनेत तलवार उचलली एवढ्यानं मी कुणाला दोषी धरणार नाही. पडलेला माणूस कुणाचा तरी होता याचं भान सुटलं, की दोष सुरू होतो. ते भान राखणं मास्टरचं काम, आणि त्यानंच खेळ रंगतोही, कारण मग प्रत्येक फासा टाकताना मुली विचार करतात.

सूनबाईला मी एवढंच म्हटलं, "बंद करण्याआधी एक रविवार बसून ऐक. मुली कशाला टाळ्या वाजवतात तेवढं बघ, मग आपण दोघी बोलू."