फावल्या वेळेचे काम



नाताळच्या आधीच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात महिला मंडळाची टेबले मांडली जातात, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. कागदी तारे, मेणबत्त्या, गव्हाणीसाठी रंगवलेल्या मातीच्या लहान मूर्ती, भरतकाम केलेले रुमाल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर क्रोशाने विणलेला एक पांढरा टेबलक्लॉथ आमच्या नजरेत भरला. घरच्या आल्तारासाठी अगदी मापाचा होता. विणणारी भगिनी आपल्याच धर्मग्रामातली, खारेगावात राहणारी. किंमत विचारली तर नऊशे रुपये म्हणाली.

"नऊशे? अगं ताई, दोराच केवढ्याचा आहे त्यात?"

"दोनशे ऐंशीचा, आंटी."

"मग सहाशे घे की. घरबसल्या फावल्या वेळेत तर करतेस."

ती हसली आणि टेबलक्लॉथ कागदात गुंडाळून दिला. आम्ही उभयता खूश झालो. तीनशे रुपये वाचले होते.

पुढे जानेवारीत काही कामानिमित्त तिच्या घरी जाणे झाले. दुपारचे अडीच वाजले होते. भांडी घासून पालथी घातलेली, धुणे वाळत घातलेले, मुले शाळेत, आणि ती खिडकीपाशी उजेडात सुई-दोरा घेऊन बसलेली. सहज विचारले, आमच्या टेबलक्लॉथला किती दिवस लागले? "बारा दिवस. रोज दुपारचे तीन तास. मध्ये एकदा चुकले म्हणून दोन ओळी उसवल्या, ते धरले नाही."

घरी परतताना नको असूनही हिशेब डोक्यात सुरू झाला. बारा दिवसांचे छत्तीस तास. सहाशेतून दोरा वजा केला तर उरतात तीनशे वीस. म्हणजे तासाला नऊ रुपयेसुद्धा नाहीत. कळवा स्टेशनबाहेर तेवढ्यात एक वडापाव येत नाही.

तेव्हापासून 'फावला वेळ' हा शब्द आम्हाला टोचू लागला आहे. फावला वेळ कुणाचा? नळाचे पाणी, डबे, स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, हे सगळे उरकल्यावर जे तीन तास तिने राखून ठेवले, ते तिच्या दिवसातले सर्वांत महाग तास होते. त्या वेळात तिला झोपता आले असते. घरी नळ दुरुस्त करायला प्लंबर येतो, दहा मिनिटांत वायसर बदलतो आणि सांगेल ते पैसे घेऊन जातो. वायसर केवढ्याचा, हे आपण त्याला विचारत नाही. त्याच्या हाताचे पैसे आपण निमूट देतो, कारण तो 'कामाला' आलेला असतो. ती मात्र 'घरीच' असते.

ही गोष्ट फक्त कळव्याची नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात एका मिशनरी दांपत्याने बायकांना लेस विणायला शिकवले. हेतू चांगला होता. गरीब घरातल्या बायकांच्या हातात चार पैसे यावेत. पुढे तो परदेशी निर्यातीचा मोठा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तेथील लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे की घरकाम सांभाळून रोज सहा-सात तास विणणाऱ्या या बायकांना कुणीही कामगार समजत नव्हते. व्यापारी समजत नव्हते, घरचे पुरुष समजत नव्हते आणि त्या स्वतःही समजत नव्हत्या. त्या 'घरी बसलेल्या' बायका होत्या, रिकाम्या वेळेचा सदुपयोग करीत होत्या. म्हणूनच मजुरी इतकी कमी ठेवता आली. मजुरी कमी ठेवायला लबाडी लागली नाही, एक शब्द पुरेसा झाला. चर्चच्या आवारात तोच शब्द आम्ही वापरला होता.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न एकदा फार गांभीर्याने विचारला गेला आहे. १९३५ सालची गोष्ट. गांधीजी तेव्हा वर्ध्याला होते. खादी स्वस्त मिळावी म्हणून चरखा संघ धडपडत असे, आणि सूत कातणाऱ्या बाईला दिवसभराचे जेमतेम आणा-दीड आणा मिळत. कामच नसण्यापेक्षा हे बरे, असे समर्थन होते. गांधीजींनी ते समर्थन बाजूला सारले. कातणारीला तिच्या कामातून पोटभर अन्न आणि अंगभर वस्त्र मिळाले पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांना आठ तासांच्या कामाला आठ आणे हवे होते. तेवढे जमले नाही, संघाने तीन आण्यांचे उद्दिष्ट स्वीकारले. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड त्यांच्याच माणसांनी केली. ओरड अगदीच खोटी नव्हती. त्याच सुमारास विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीला निराळाच मार्ग धरला. ते स्वतः तासन्‌तास सूत कातायला बसले आणि त्या मजुरीत आपले जेवणखाण भागते का, ते पाहू लागले. चर्चा करण्याऐवजी पोटाला विचारले. आम्हाला या दोन्ही गोष्टींत विनोबांची जास्त आवडते. आपणही एखाद्या कलाकुसरीच्या वस्तूचा भाव पाडण्याआधी तिच्यातली एक ओळ विणून पाहावी. आम्ही पाहिली. पाऊण तासात बोटभर झाली, आणि तीही वाकडी.

आता दुसऱ्याचे कुसळ पाहू. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या. कोल्हापूरचे नाव कुठेच नाही. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! तो योग्यच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. अखेर कंपनीला मूळ भारतीय कारागिरीचे हे मान्य करावे लागले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेऊन ते सुमारे आठशे युरोंना एक या भावाने विकायचे ठरले. त्या दिवसांत घराघरांत आम्ही सगळेच रागावलो होतो. परंतु आपण स्वतः कोल्हापुरी घेतो तेव्हा काय करतो? हजाराचा जोड सातशेला मागतो. चामडे कमावणाऱ्याचे, शिवणाऱ्याचे नाव मिलानला ठाऊक नव्हते, तसे आपल्यालाही ठाऊक नसते. आपण ते कधी विचारलेले नसते.

त्या खारेगावच्या भगिनीकडे पुन्हा वळू या. गेल्या वर्षी नाताळात तिचे टेबल दिसले नाही. आजारी असेल असे वाटले. चौकशी केली तर कळले की ती आता फोनवरच विकते. केलेल्या वस्तूंचे फोटो टाकते, खाली किंमत लिहिते. ज्याला हवे तो पैसे पाठवतो, ती कुरिअर करते. पुण्याला, नागपूरला, एकदा बंगळूरला वस्तू गेली. तिच्यासारख्याच विणणाऱ्या इतर गावांच्या बायकांशी ओळख झाली आहे. नवा टाका अडला की एकीने दुसरीला व्हिडिओ पाठवायचा, कुठे दोरा चांगला मिळतो ते सांगायचे, आणि एखादी फार कमी किंमत लावू लागली की बाकीच्यांनी तिला प्रेमाने दटावायचे. ज्यांनी एकमेकींना कधी पाहिले नाही त्या बायका एकमेकींच्या कामाचा मान राखतात. तिथेही सगळे गोड नाही. तिचा फोटो उचलून कुणीतरी यंत्रावर केलेला माल स्वस्तात विकला, असेही झाले.

पण तिने जे कारण सांगितले ते आमच्या जिव्हारी लागले. "आंटी, फोनवर किंमत लिहिलेली असते. ज्याला परवडत नाही तो गुपचूप पुढे जातो. समोर उभे राहून कुणाला सांगावे लागत नाही. चर्चमध्ये सगळे ओळखीचे. ओळखीच्यांना नाही म्हणता येत नाही."

म्हणजे नागपूरच्या अनोळखी बाईने पूरे नऊशे दिले, आणि ज्यांच्याबरोबर ती रविवारी एकाच बाकावर गुडघे टेकते त्या आम्ही सहाशे. आपलेपणाची किंमत नेहमी विकणाऱ्यानेच का भरावी?

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपणही काही श्रीमंत नाही. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, औषधपाणी यातून हातच्या वस्तूंना पूर्ण मोल द्यायला पैसे आणायचे कुठून? बरोबर आहे. परवडत नसेल तर घेऊ नये. न घेण्यात तिचा अपमान नाही. कौतुक करावे, कुणाला घ्यायचे असेल त्याला तिचा नंबर द्यावा, पुढे जावे. अपमान आहे तो घ्यायचे ठरवून तिच्या तासांना शून्य धरण्यात. आणि मोल मागणाऱ्यानेही सचोटी राखावी, हे सांगायला हवे. बाजारातून आणलेल्या वस्तूला हातची म्हणून विकले तर बाकीच्या दहा जणींच्या शब्दावरचा विश्वास उडतो.

"पण ही कामे प्रेमाने करायची असतात, त्यात पैसा कशाला?" असेही कुणी म्हणते. येथे आम्हाला प्रेषितांच्या कृत्यांमधील तबिथा आठवते. तिच्या मृत्यूनंतर पेत्र आला तेव्हा विधवा रडत रडत त्याला तिने शिवलेले अंगरखे आणि झगे दाखवू लागल्या. तिची ओळख सांगायला त्यांच्याकडे कपडेच होते. तिने ते प्रेमाने दिले होते, हे खरे. पण दिले होते तिने. कुणी घासाघीस करून तिच्याकडून प्रेम वसूल केले नव्हते. देणगी देणाऱ्याच्या हातात असते. घेणाऱ्याने ती आधीच गृहीत धरली तर तिला देणगी कसे म्हणावे?

हे सारे मनात आल्यावर आम्ही तीनशे रुपये पाकिटात घालून तिच्याकडे गेलो. तिने घेतले नाहीत. थोडी रागावलीच. "अंकल, तो सौदा झाला. मीच कबूल केले होते. आता ही दया नको." मग चहा केला, नवे विणलेले तारे दाखवले, प्रत्येकाची किंमत सांगितली, आणि आम्ही सहा तारे त्या किमतीला घेतले. तो हिशेब वेगळा. तीनशेचे पाकीट अजून आल्ताराच्या खणात आहे, त्याच टेबलक्लॉथखाली, आणि त्याचे काय करावे हे आम्हाला कळलेले नाही.