कातड्याची पारख

अष्टावक्राची लोककथा आपण ऐकली असेल. आठ ठिकाणी वाकलेला देह पाहून जनकाची सभा हसली. तोही हसला आणि म्हणाला, पंडितांची सभा समजून आलो, येथे तर कातडे पारखणारे चर्मकारच बसले आहेत. सभा खजील झाली.

पण जरा थांबा. देहावरून माणूस जोखू नये असे शिकवणाऱ्या या कथेने चर्मकाराला मात्र त्याच्या धंद्यावरून जोखलेच ना? १२ व्या शतकात कल्याणात जोडे शिवणारे हरळय्या आणि कातडे कमावणारे कक्कय्या शरण म्हणून वंदनीय ठरले. त्यांचे कायक ज्ञानाच्या आड आले नाही.

कथा मुलांना अवश्य सांगा. मात्र सांगताना आपण कोणाला हसतो, तेही तपासा.