दोन शब्दांचे ओझे





किराणा दुकानाच्या रांगेत एक अनोळखी वृद्ध गृहस्थ म्हणतात, "यंदा पाऊस लांबला, नाही का?" आपण गडबडीत "हो, बरंच झालं" असे काहीतरी बोलून जातो. ते किंचित हसतात आणि पिशवी उचलून निघून जातात. बोलणे तिथेच संपते, परंतु आपल्या मनात ते संपत नाही. असरच्या नमाजसाठी उभे राहिलो तरी मन त्या दुकानातच घुटमळत असते. ते का हसले? आपल्याला अडाणी समजले असतील काय? की आपली टोपी, आपला बुरखा पाहून हसले? पुढच्या खेपेस आपण मान खाली घालून उभे राहतो आणि कोणाशी बोलतच नाही.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु जो विचार नमाजमधील एकाग्रता हिरावून घेतो आणि माणसांशी असलेला संबंध तोडतो, तो क्षुल्लक कसा म्हणावा?

कोणी म्हणेल, मुखातून निघणारा प्रत्येक शब्द नोंदवला जातो, असे सूरह काफच्या 18व्या आयतीत सांगितले आहे. मग काळजी करू नये काय? काळजी अवश्य करावी, पण ती बोलण्यापूर्वी. बोलावे तर चांगले बोलावे, नाहीतर मौन पाळावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. शिवाय, सूरह अल-अहजाबच्या 5व्या आयतीत अल्लाहने चुकून घडलेली गोष्ट आणि मनापासून, जाणूनबुजून केलेली गोष्ट यांत स्पष्ट भेद केला आहे. अडखळलेली जीभ हा गुन्हा नव्हे. ज्याच्याकडे अखेरचा हिशेब आहे, त्यानेच जिथे सवलत दिली, तिथे आपण स्वतःला रात्रभर आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करावे?

आता दुसरी बाजू पाहा. त्या वृद्धाच्या हसण्याचा अर्थ आपण स्वतःच लावला. सूरह अल-हुजुरातच्या 12व्या आयतीत श्रद्धावंतांना अतिरेकी संशयापासून दूर राहण्याची आज्ञा आहे, कारण काही संशय पाप ठरतात. आपण समजतो की आपण केवळ स्वतःला दोष देत आहोत. प्रत्यक्षात आपण एका निरपराध माणसाच्या मनात तिरस्कार असल्याचे गृहीत धरलेले असते. कदाचित त्या बिचाऱ्याला दिवसभरात कोणी बोलणारे भेटले, एवढ्याच आनंदाने ते हसले असतील.

आत्मपरीक्षण आणि वसवसा यांतील फरक ओळखणे अवघड नाही. आत्मपरीक्षण एक प्रश्न विचारते: माझ्या बोलण्याने कोणी दुखावले काय? उत्तर 'होय' असेल, तर ते क्षमा मागायला पाठवते; 'नाही' असेल, तर शांत होते. वसवसा मात्र उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न पुन्हा विचारतो. तो कृतीकडे नेत नाही, केवळ थकवतो. मनात येणारे असे विचार जोवर उच्चारले वा आचरले जात नाहीत, तोवर अल्लाहने ते या उम्मतला माफ केले आहेत, अशी सहीह हदीस आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा एक प्रसंग इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आला आहे. ते सकाळी बाजारात जात, परंतु काही विकत घेत नसत, भाव विचारत नसत. फुटकळ माल विकणारा असो, व्यापारी असो वा गरीब, भेटेल त्याला सलाम करीत. सोबत्याने कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की आपण केवळ सलामसाठीच बाहेर पडतो. आपण मीठ-साखरेसाठी बाजारात जातो आणि माणसे टाळतो. ते माणसांसाठीच बाजारात जात.

म्हणून घरातून निघताना संकल्प करावा की आज भेटणाऱ्याशी, तो कोणत्याही धर्माचा असो, दोन चांगले शब्द बोलेन. प्रेषितांनी (स.) बंधूकडे पाहून स्मित करण्यालाही सदका म्हटले आहे. दान देऊन झाल्यावर ते घेणाऱ्याला आवडले की नाही, याचा घोर लावून घ्यायचा नसतो. ते स्वीकारणारा अल्लाह आहे.

अल्लाह आमच्या जिभेला सौजन्य आणि अंतःकरणाला शांती देवो. आमीन.